दीड लिटर तेल गेलं कुठे?

नाखवा, तुमचा निरोप दोनदा वाचला. वेसाव्याची लाकडी ट्रॉलर, सहा सिलिंडरचं इंजिन, मागे ३:१ रिडक्शनचा, म्हणजे इंजिनाच्या तीन फेऱ्यांना पंख्याचा (प्रोपेलरचा) एक फेरा देणारा, हायड्रॉलिक मरीन गिअर. जानेवारीत मागचं ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी, बदललं, मार्चमध्ये पुन्हा बदललं, आणि पंधरा दिवसांत कपलिंगखाली, म्हणजे गिअर आणि पंख्याचा शाफ्ट जिथे जोडलेत तिथे, परत तेल. मेकॅनिक म्हणतो माल डुप्लिकेट होता, या वेळी ओरिजिनल आणा, आणि बोट वर ओढून घ्या. मग अगदी शेवटी, जाता जाता सांगावं तसं तुम्ही लिहिलंय की दोन रात्रींच्या फेरीला गिअरमध्ये दीड लिटर तेल टाकावं लागतं, पण खालच्या ट्रेमध्ये पाव लिटरही निघत नाही.

माझ्या मते तुमचा खरा आजार या शेवटच्या ओळीत आहे. सील गळतंय हे खरं, ते आपण बघूच. पण सील पाव लिटरचा चोर आहे. सव्वा लिटरचा चोर दुसराच आहे आणि त्याच्याकडे अजून कोणी पाहिलेलं नाही. माझगावात मरीन गिअर उघडायला लागून मला तीस वर्षं होऊन गेली. गळतीचं काम आलं की मी आधी पाना उचलत नाही, वहीत दोन आकडे लिहितो: टाकलं किती आणि सापडलं किती. गिअरचं तेल पेट्रोलसारखं उडून जात नाही. ते कुठेतरी असतंच.

हिशेब मांडायचा तर माप आधी सारखं पाहिजे. गिअरची तेल मोजायची पट्टी कशी बघायची ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. काहींची पट्टी इंजिन स्लो चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये, तेल गरम असताना बघायची. काहींची इंजिन बंद केल्या केल्या. काही पट्ट्यांना आटे असतात, पण मोजताना आटे न लावता नुसतं टेकवायचं असतं. रात्रभर बोट उभी राहिली की कूलरमधलं आणि पाइपमधलं तेल खाली उतरतं आणि सकाळी पट्टी वर दाखवते. खलाशाने एकदा सकाळी थंड बघितलं, एकदा धक्क्याला लागल्यावर गरम बघितलं, तर त्या दोन आकड्यांची वजाबाकी करून काहीच हाती लागत नाही. तुमच्या गिअरच्या पुस्तकात असेल ती पद्धत धरा, एकाच माणसाने बघायचं, आणि दोन फेऱ्या नीट लिहून काढा. जास्त तेल भरण्याचीही खोड असते लोकांना, ‘असू दे थोडं वर’ म्हणून. वर भरलेलं तेल गिअरमध्ये घुसळून फेसाळतं, तापतं आणि ब्रीदरमधून (गिअरची हवा सुटायची टोपी) बाहेर येतं. मग तीही गळतीच दिसते.

आता सव्वा लिटर कुठे जाऊ शकतं? एक, तळातल्या पाण्यात मिसळून पंपाबरोबर बाहेर. तुमचा पाणी उपसायचा पंप ऑटोमॅटिक असेल तर तुम्हाला कळतही नाही. एक फेरी पंप हाताने चालवा आणि उपसण्याआधी पाण्यावर तेल शोषणारं फडकं टाकून ठेवा. (तेलकट पाणी खाडीत सोडू नका, ड्रममध्ये घ्या. ज्या खाडीत सोडणार तिथेच आपली जाळी धुतली जातात.) दुसरी जागा, गिअर आणि फ्लायव्हील यांच्यामधला बेल हाउसिंग, त्याच्याकडे नंतर येतो. आणि तिसरी, माझ्या दृष्टीने सगळ्यात संशयास्पद जागा म्हणजे ऑइल कूलर.

कूलर म्हणजे एका नळकांड्यात बारीक तांब्याच्या किंवा क्युप्रोनिकलच्या नळ्यांची जुडी. नळ्यांच्या आतून समुद्राचं पाणी, बाहेरून गिअरचं तेल. क्लच दाबायचं तेलाचं प्रेशर साधारण १० ते २० बार असतं. कूलरच्या लाइनमध्ये ते त्याहून बरंच कमी, पण समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा जोर त्याच्या मानाने किरकोळ. म्हणून एखाद्या नळीला टाचणीएवढं भोक पडलं की इंजिन चालू असताना तेल पाण्यात जातं आणि पाण्याबरोबर थेट समुद्रात. ट्रेमध्ये थेंबही पडत नाही. इंजिन बंद झालं की उलटं होतं. तेलाचा दाब शून्य, आणि कूलर पाण्याच्या पातळीखाली असेल तर समुद्र त्याच भोकातून हळूहळू गिअरमध्ये येतो. आपल्या बहुतेक बोटींत कूलर पाण्याच्या पातळीखालीच असतो.

हे तपासायला फार खर्च नाही. आज संध्याकाळी बोट लागली की समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पट्टी बघून खूण करा. सकाळी, इंजिन सुरू न करता, पुन्हा बघा. दुसऱ्या रात्री व्हॉल्व्ह उघडा ठेवून तेच करा. व्हॉल्व्ह उघडा ठेवल्यावर पट्टी जास्त चढत असेल तर पाणी आत येतंय. कूलर उतरून दुरुस्त होईपर्यंत इंजिन बंद केलं की तो व्हॉल्व्ह बंद करायचा, रोज, आणि चावीला एक चिठ्ठी बांधून ठेवायची. सुरू करताना तो उघडायला विसरलात तर पंपाचा रबरी इम्पेलर मिनिटाभरात जळतो. माझ्या गिऱ्हाइकांपैकी दोघांनी तो प्रताप केलाय.

तेलात पाणी आहे का, ते रंगावरून कळतं, पण पाणी भरपूर असेल तेव्हाच. चहात दूध पडल्यासारखं तेल झालं तर प्रश्नच मिटला. त्याआधीच्या पायरीला तवा लागतो. गिअरच्या तळातलं थोडं तेल ड्रेन प्लगमधून बाटलीत घ्या, घरी किंवा धक्क्यावर, बोटीपासून लांब, एक जुना तवा चांगला तापवा आणि त्यावर दोन थेंब सोडा. नुसतं तेल असेल तर पसरेल, थोडा धूर येईल. पाणी असेल तर फोडणीत मोहरी तडतडावी तसं तडतडेल. तोंड लांब ठेवा. ही काही माझी गावठी युक्ती नाही, तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळाही पहिली चाचणी अशीच करतात.

आणखी एक खूण: शांत पाण्यात, इंजिन नीट तापल्यावर, जिथून थंड करायचं पाणी बोटीबाहेर पडतं तिथे खाली बघा. इंद्रधनुषी तवंग सारखा येत असेल तर संशय पक्का होतो. मात्र थंड इंजिनाचं न जळलेलं डिझेलही असाच तवंग देतं, म्हणून आधी इंजिन तापू द्यायचं. तुमच्या बोटीला तळाच्या बाहेरून पाइप फिरवलेलं कूलिंग असेल, म्हणजे गोडं पाणीच आत-बाहेर फिरत असेल, तर तेल समुद्रात जाणार नाही, पाण्याच्या टाकीत वर तरंगेल. झाकण उघडून पाण्यावरून हाताचं बोट फिरवा, तेल बोटाला कळेल.

शेवटचा पुरावा कूलर उतरवून. तेलाच्या बाजूचं एक तोंड बंद करा, दुसऱ्याला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि सायकलच्या पंपाने दीड-दोन बार हवा भरा, जास्त नको. मग अख्खा कूलर पाण्याच्या पिंपात बुडवा. पाण्याच्या बाजूच्या तोंडातून बुडबुडे आले की चोर सापडला. कूलर गार असताना बुडबुडे दिसले नाहीत तर पिंपात गरम पाणी घालून पुन्हा बघा. काही चिरा तापल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

कूलर फुटतो कशामुळे? कारण त्यातलं जस्त कोणी बघत नाही. कूलरच्या टोकाला एक पितळी प्लग असतो, त्याच्या आत पेन्सिलीएवढी जस्ताची कांडी. खारं पाणी तांब्याच्या नळीआधी ते जस्त खातं, म्हणूनच ते ठेवलेलं असतं. अर्धं झिजलं की बदलायचं. मी उघडलेल्या कूलरपैकी निम्म्यांत त्या जागी नुसता प्लग निघतो, जस्त केव्हाच संपलेलं. दुसरं कारण खास आपल्या मुंबईचं. पावसाळ्यानंतर खाडीत प्लास्टिकच्या पिशव्या एवढ्या असतात की पाणी ओढायच्या जाळीवर एक तरी येऊन बसतेच. पाणी कमी झालं की तेल तापतं, पातळ होतं. तेलाचं तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि नायट्राइल रबरचं साधं सील १०० अंशांच्या आसपास कडक व्हायला लागतं. म्हणजे तुमचं पाव लिटरवालं सील आणि सव्वा लिटरवाला कूलर हे दोघे एकमेकांचे नातेवाईकही असू शकतात.

एक-दोन नळ्या फुटल्या असतील तर दोन्ही टोकांना पितळी खुंटी ठोकून त्या बंद करता येतात. शंभरात दहाच्या आत नळ्या बंद असतील तर चालून जातं. त्यापुढे नवीन जुडी किंवा नवीन कूलर. दारूखान्यात जुना कूलर स्वस्तात मिळेल, पण हवेची चाचणी तिथेच, दुकानदारासमोर, पिंपात बुडवून केल्याशिवाय पैसे देऊ नका. रेडिएटरवाल्याकडून शिशाचा झाळ मात्र मारून घेऊ नका. तेलाच्या दाबाखाली तो महिनाभर टिकत नाही.

आणि पाणी गेलेलं असेल तर नुसता कूलर बदलून भागत नाही. खारं पाणी बेअरिंगवर रात्रभर बसलं की गंजाचे ठिपके पडतात. क्लच प्लेटांवरचं अस्तर कागदी जातीचं असेल तर फुगून सुटायला लागतं. तेल काढा, गिअरमधली तेल गाळायची जाळी धुवा, नवीन स्वस्त पण त्याच ग्रेडचं तेल भरा, बोट घट्ट बांधून १५–२० मिनिटं पुढे-मागे गिअर टाकून स्लो चालवा, गरम असतानाच काढा. असं निदान तीनदा. तिसऱ्या वेळचं तेल तव्यावर गप्प राहिलं पाहिजे. जाळीत काळे कागदासारखे कपटे किंवा चमकणारी पितळी चूर दिसली तर थांबा. गिअर उघडावाच लागेल.

आता दिसणाऱ्या गळतीकडे येऊ, म्हणजे तुमच्या सीलकडे.

पहिलं काम धुण्याचं. तेलाने माखलेल्या गिअरवर गळती शोधणं म्हणजे गटारात पावसाचा थेंब शोधणं. डिग्रीजर मारा, ब्रशने घासा, बनियन वेस्टने पुसून कोरडं करा. मग पावडर, घरातली साधी टाल्कम, फुंकून सगळीकडे बारीक थर द्या. पट्टीचं झाकण, गिअर टाकायच्या लिव्हरची दांडी, कूलरच्या पाइपांची टोकं, त्यांचे तांब्याचे वॉशर, ड्रेन प्लग, मधला गॅस्केटचा जोड, मागचं कपलिंग. इंजिन आधी अर्धा तास न्यूट्रलमध्ये, मग बोट बांधून गिअरमध्ये. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघा पावडर कुठे ओली होते. तेल वरून खाली येतं, म्हणून सर्वात वरचा ओला ठिपका तो खरा. फिरत्या शाफ्टजवळ हात, पदर, दोरी, लुंगी, काही नको. बघायचं असेल ते इंजिन बंद करून बघा.

सील गळतं तेव्हा एक विशेष खूण असते. कपलिंग फिरताना तेल भिरकावतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लाकडावर आणि वरच्या फळीवर कपलिंगच्या रेषेतच तेलाचा पट्टा उमटतो. तसा पट्टा नसेल आणि तरीही कपलिंगखाली तेल असेल तर ते लिव्हरच्या दांडीवरून ओघळत मागे आलेलं असू शकतं. त्या दांडीचा ओ-रिंग दहा-वीस रुपयांचा असतो. त्यासाठी मी लोकांना पूर्ण गिअर उतरवताना बघितलंय.

सील खराब आहे म्हणण्याआधी ब्रीदर बघा. गिअरच्या वर एक बोटभर टोपी असते, तिला बारीक भोक. आतली हवा तापून फुगते ती तिथून बाहेर पडते. ते भोक बुजलं की गिअर प्रेशर कुकर होतो, शिट्टी नसलेला, आणि हवा सगळ्यात कमकुवत जागेतून तेल ढकलते. ती जागा म्हणजे सील. हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. उमेदवारीची वर्षं होती. एका लाँचचं मागचं सील मी तीनदा बदललं. दर वेळी चार दिवस ठीक, पाचव्या दिवशी तेल. उस्ताद आले, गिअरकडे न बघता इंजिन खोलीच्या भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, ‘रंग कधी लावला?’ नारळी पौर्णिमेआधी सगळी बोट रंगवलेली, आणि कोणीतरी हौसेने गिअरलाही दोन हात रंग मारलेला. ब्रीदरसकट. सुईने टोचलं आणि फस्स करून हवा सुटली. तीन सीलांचे पैसे माझ्या पगारातून गेले. तुमच्या बोटीलाही रंग लागतोच. ब्रीदर उतरवा, डिझेलमध्ये धुवा, फुंकून बघा.

ब्रीदर मोकळा असेल तर कपलिंग काढायची वेळ. आणि इथे तुमच्या मेकॅनिकला सांगा की बोट वर ओढायची गरज नाही. शाफ्टचं कपलिंग सोडून शाफ्ट चार-सहा इंच मागे सरकवला की गिअरच्या फ्लँजपर्यंत, म्हणजे कपलिंगच्या गिअरकडच्या तबकडीपर्यंत, पोचता येतं, शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी ग्लँडच्या दोरीने अडलेलंच असतं. दोन गोष्टी सांभाळा: पंखा मागे सरकून सुकाणूला लागत नाही ना, आणि शाफ्टला क्लँप मारून दोरीने बांधलाय ना. खाडीत ओहोटीला बोट चिखलात बसलेली असताना हे काम केलं तर जीव आणखी निवांत राहतो.

सील काढल्यावर फ्लँजचा गळा बघा, म्हणजे सीलचा ओठ, त्याची आतली रबरी कड, जिथे घासतो ती जागा. नख आडवं फिरवा. नख अडलं की तिथे खोबण आहे. माझी पैज आहे की तुमच्या फ्लँजला खोबण असणार, आणि दोन्ही वेळा नवीन सील त्याच जुन्या खोबणीत बसवलं गेलं. नवीन ओठ जुन्या खड्ड्यात किती दिवस टिकणार? गंजाचे ठिपके असतील तर ते कानसीसारखे ओठ कापतात. उपाय तीन. खोबण हलकी असेल तर सील एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर चालेल. खोल असेल तर त्यावर पातळ स्टेनलेसची बाही चढते, बाजारात स्पीडी स्लीव्ह म्हणतात, जाडी जेमतेम ०.२८ मिलिमीटर, त्यामुळे सीलचं माप तेच राहतं. तिसरा उपाय लेथवाल्याकडे भर टाकून टर्निंग आणि पॉलिश. तो करा, पण फक्त चांगल्या हाताकडून. गळा तिरका झाला तर आधीचं बरं होतं म्हणायची वेळ येईल.

डुप्लिकेट मालाबद्दल: असतो, नाकारत नाही. पण जुन्या सीलवर माप कोरलेलं असतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते घेऊन नागदेवी स्ट्रीटला गेलात तर ओळीने दुकानं आहेत आणि नावाजलेल्या कंपनीचं सील मिळतं. तेल तापतं अशी शंका असेल तर त्याच मापात व्हायटॉनचं मागा, ते २०० अंशांपर्यंत तग धरतं. महाग पडेल. पण कूलर सुधारल्याशिवाय व्हायटॉन बसवणं म्हणजे ताप न उतरवता थर्मामीटर बदलणं.

एक जागा बहुतेकजण विसरतात. फ्लँज शाफ्टवर दातांवर, म्हणजे स्प्लाइनवर, बसतो. तेल त्या दातांच्या फटीतून सरकत मधल्या नटापाशी बाहेर येतं आणि कपलिंगवरून भिरकावलं जातं. दिसायला शंभर टक्के सीलची गळती. सील कितीही वेळा बदला, थांबणार नाही. नटाखाली ओ-रिंग असेल तर नवीन घाला, नसेल तर दातांना आणि वॉशरला तेलात टिकणारा सीलंट लावा. दुसऱ्यांदा सील बदलताना तुमच्या मेकॅनिकने हे केलं होतं का, विचारा.

तो मधला नट नुसता जोर लावून आवळायचा नसतो. बऱ्याच गिअरमध्ये तोच नट आतल्या टेपर बेअरिंगचा ताण ठरवतो. सोडण्याआधी नट आणि शाफ्टवर पंचने खूण करा, किती आटे बाहेर आहेत ते मोजा, आणि बसवताना पुस्तकातला आकडा पाळा. कमी आवळला तर शाफ्ट डुलतो आणि सील महिन्यात जातं. जास्त आवळला तर बेअरिंग जळतं. आवळण्याआधी फ्लँज हाताने वर-खाली हलवून बघा, शक्य असेल तर डायल गेज लावून. हाताला खेळ जाणवला तर बेअरिंगच गेलंय, सील बिचारं निमित्त.

सील ठोकताना हातोडी थेट मारायची नाही. सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या व्यासाचा पाइपचा तुकडा घ्या, चारी बाजूंनी सरळ आत जाऊ द्या. ओठ तेलाच्या बाजूला, ओठावर ग्रीसचं बोट. दातांवरून सील सरकवायचं असेल तर दातांवर चिकटपट्टी गुंडाळा. एका दाताने ओठ कापला गेला तर डोळ्याला दिसतही नाही.

आता अलाइनमेंट, ज्याच्यामुळे लाकडी बोटींची सीलं सर्वांत जास्त मरतात. दोन कपलिंगची तोंडं एकमेकांना समांतर हवीत. बोल्ट सोडा, तोंडं जवळ आणा, फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजा. १५० मिलिमीटरच्या कपलिंगला फटीतला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आणायचा, ०.१५ च्या पुढे मी मान्य करत नाही. मागे लोंबणाऱ्या शाफ्टचं वजन खाली ओढतं, म्हणून मोजताना कपलिंगचं पूर्ण वजन आणि लोंबत्या शाफ्टचं अर्धं वजन उचलून धरावं लागतं, वजनकाटा लावून. मग शाफ्टचं कपलिंग तेवढं अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा मोजा. मोठी फट कपलिंगबरोबर फिरली तर शाफ्ट वाकलाय किंवा कपलिंग शाफ्टशी काटकोनात नाही. फट जागच्या जागी राहिली तर इंजिन सरकलंय, त्याच्या पायाखाली शिम (पातळ पत्रे) घाला. पंख्यात नायलॉनचं जाळं अडकून इंजिन बंद पडल्याचा प्रसंग या मोसमात झालाय का? झाला असेल तर शाफ्टकडे मी आधी बघेन.

ही मापं बोट तरंगत असताना घ्यायची, भरतीला, नेहमीइतकं डिझेल आणि बर्फ भरलेला असताना. चिखलात बसलेली किंवा किनाऱ्यावर ओढलेली लाकडी बोट वेगळा आकार घेते. आणि पावसाळ्यातल्या मासेमारीच्या बंदीत बोट वर असते, फळ्या सुकतात. पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगून जागेवर यायला काही दिवस लागतात. उतरवल्याच दिवशी केलेलं अलाइनमेंट आठवड्याने पुन्हा तपासा.

पुढचं सील राहिलं. बेल हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, तिथून तेल ठिबकत असेल तर ते गिअरच्या पुढच्या सीलचं किंवा इंजिनाच्या मागच्या सीलचं. ज्या गिअरमध्ये लाल ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल असतं तिथे रंगावरून लगेच कळतं. तुमच्याकडे दोन्हीकडे इंजिन ऑइलच असणार, तरी इंजिनाचं काजळीने काळं होतं आणि गिअरचं मधासारखं राहतं. पांढऱ्या कागदावर थेंब घेऊन बघा. इथली गळती पुढे ढकलू नका, त्या जागी धक्के शोषणारा रबरी डँपर असतो आणि तेलाने रबर फुगून फुटतं.

‘गिअर’ म्हटलं म्हणून ट्रकच्या मागच्या एक्सलचं नव्वद नंबरचं तेल यात भरणारे भेटतात. हायड्रॉलिक मरीन गिअरला ते चालत नाही, क्लच घसरतो. गळती थांबवणारी बाटली मिळते, तीही नको. रबर मऊ करून ती चार दिवस निभावते आणि क्लचच्या पकडीची वाट लावते.

समुद्रात कूलरने दगा दिला तर कूलर बाजूला काढून तेलाचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून घरी येता येतं. त्यासाठी योग्य मापाचा जोड आणि क्लिपा बोटीवर असू द्या. स्लो चालवा, दर दहा मिनिटांनी गिअरला हात लावा, हात टेकवून ठेवता येत नसेल तर थांबून गार होऊ द्या. दुसऱ्या बोटीने ओढून आणायची वेळ आली तर शाफ्ट दोरीने बांधून टाका. इंजिन बंद असताना गिअरचा तेलपंप फिरत नाही, पण पंखा पाण्याने फिरत राहतो आणि आतली बेअरिंगं कोरडी फिरतात.

१ जूनला बंदी लागते, म्हणजे तुमच्या हातात अजून चार-पाच फेऱ्या आहेत. या आठवड्यात तवा आणि रात्रीच्या व्हॉल्व्हची चाचणी करा, ब्रीदर धुवा. कूलर फुटका निघाला तर पुढची फेरी नका करू, आधी कूलर. तेल तव्यावर गप्प राहिलं तर सीलची गळती घेऊन मोसम काढायला हरकत नाही, फक्त रोज पट्टी बघा आणि तेल बरोबर ठेवा. फ्लँज, बाही, नट, अलाइनमेंट हे बंदीत निवांत करू. जानेवारीत आणि मार्चमध्ये काढलेली दोन्ही जुनी सीलं मेकॅनिककडे असतील तर मागून घ्या. ओठ कडक होऊन चिरला आहे, एका बाजूने जास्त घासला आहे, की कापल्यासारखा आहे, एवढं बघून कळवा.